नाना टहा ताजा: खानदेशातले पाच दिवस

पहिला दिवस: भुसावळ, चाळीसगाव, धुळे

गाडी जळगाव सोडून पाचोऱ्याच्या वाटेला लागली, तेव्हा भाच्यानं खिशातून चतकोर कागद काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर तीनच शब्द होते:

नाना टहा ताजा

"मामा, तुम्ही जन्म तारघरात काढला ना? मग हे वाचून दाखवा."

मी पहिल्याच शब्दाला अडकलो. आमच्या घरात नाना म्हणजे माझे मेहुणे, याचेच वडील. नानांचं काहीतरी ताजं आहे, एवढं कळल्यासारखं वाटलं. पण 'टहा' म्हणजे काय? कागद चष्म्याच्या डबीत ठेवला आणि खिडकीबाहेरचा कापूस बघत बसलो.

हा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे. बँकांच्या संदेशांना कुलूप लावायचं, हे त्याचं काम. पाच दिवस सुट्टी मिळाली तर म्हणाला, "मामा, आपल्या खानदेशात माझ्या धंद्याचं काही बघण्यासारखं आहे का?" त्याला वाटलं मी डोकं खाजवीन. केळी, कापूस आणि ऊन यापलीकडे खानदेशात काही नाही, असा पुण्यातल्या लोकांचा समज असतो आणि तिथे राहून तो यालाही लागला असावा. मी लगेच यादी केली: धुळ्याचे इतिहासाचार्य राजवाडे, कनाशीचे महानुभाव, पाटण्याचे भास्कराचार्य, आणि बुऱ्हाणपूर. बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी तेच होतं, म्हणून ते मी आपल्याच हद्दीत धरतो.

लोकांना मोर्सची कटकट गुप्त वाटते. ती गुप्त नाही, नुसती लिपी आहे. शिकला त्याला ऐकू येते. तारेतला लपवाछपवीचा भाग वेगळाच होता. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी जाडजूड कोड-पुस्तकं ठेवत. अख्खं वाक्य एका निरर्थक शब्दात मावायचं. पैसेही वाचत आणि शेजारच्या पेढीला भावही कळत नसे. शुभेच्छांच्या तारांना तर सरकारनंच आकडे दिले होते. आठ नंबर म्हटलं की दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. लग्नसराईत मी इतके आठ पाठवलेत की अजून पत्रिका आली की आधी आकडाच आठवतो. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे होती, ती म्हणजे हात. पलीकडे कोण बसलाय ते नाव न सांगता कळायचं. एकाचा डॅश लांबट, दुसरा शब्दांमध्ये दम घेतल्यासारखा थांबणारा. माणूस यंत्राआड लपला तरी त्याची खोड लपत नाही.

हे मी सहज बोललो, तर भाचा सरसावून बसला. "मामा, एनिग्मा असाच तर फुटला!" मग चाळीसगाव येईपर्यंत त्या जर्मन यंत्राची, युद्धातले संदेश गुप्त करणाऱ्या एनिग्माची कथा. चाकं फिरतात, दर अक्षराला जोडणी बदलते, कोट्यवधी मांडण्या. तरी १९३२ च्या डिसेंबरात मारियान रेयेव्स्की नावाच्या पोलिश गणितज्ञानं त्याची आतली जोडणी कागदावर शोधून काढली. फ्रेंच हेरांकडून आलेले काही कागद हाताशी होते, पण खरी फट जर्मनांनीच ठेवली होती. दर संदेशाची तीन अक्षरी किल्ली ते सुरुवातीला दोनदा पाठवत, चूक होऊ नये म्हणून. पहिलं आणि चौथं अक्षर मुळात एकच, दुसरं आणि पाचवं एकच. त्या दुहेरीपणातून रेयेव्स्की आत शिरला.

"म्हणजे काळजी घेतली तीच नडली," मी म्हटलं.

"हो. आणि पुढे इंग्रजांना आळस उपयोगी पडला." १९४० मध्ये ब्लेचली पार्कात, म्हणजे इंग्रजांच्या गुप्त संदेश फोडायच्या ठाण्यात, जॉन हेरिव्हेल नावाचा तरुण होता. त्यानं विचार केला, पहाटे दमलेला ऑपरेटर यंत्र लावल्यावर चाकं पुन्हा फिरवायचा कंटाळा करेल आणि आहेत त्याच खुणांवरून पहिला संदेश पाठवेल. मे महिन्यात तसंच झालं. काही जण तर किल्ली म्हणून मैत्रिणीच्या नावाची अक्षरं वापरत.

चाळीसगावला गाडी बदलली. धुळ्याची गाडी निवांत निघते आणि निवांत पोचते. रात्री शेवभाजी खाल्ली. भाचा पुण्याच्या सवयीनं 'कमी तिखट' म्हणाला. वाढणाऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तो शब्द परत घेतला. नंतर तो बराच वेळ पाणी पीत होता.

दुसरा दिवस: धुळे

थंडी चांगलीच होती. लॉजवरच्या गिझरचं बटण लाल दिसत होतं, पाणी मात्र गारच राहिलं. ते कोडं सुटलं नाही.

राजवाडे संशोधन मंडळाच्या दारात मी चपला काढल्या. काढायला हव्यात असं नाही, पण काढल्या. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ ला याच धुळ्यात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये त्यांनीच काढलं होतं. पण माणूस एका जागी आणि एका मंडळात मावणारा नव्हता. भांडण झालं की उठून चालायला लागायचा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड या माणसानं गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचे दप्तरांचे रुमाल सोडून सोडून उभे केले.

त्यांचं नाव मोडी कागदांसाठी घेतात. मला भाच्याला दाखवायची होती दुसरी गोष्ट. महानुभाव पंथाच्या पोथ्या शेकडो वर्षं बाहेरच्या माणसाला वाचता येत नव्हत्या. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा कितीतरी सांकेतिक लिप्या पंथात होत्या. सकळ लिपी सर्वांत चालती. ती चौदाव्या शतकातल्या रवळोबासांची म्हणून सांगतात. या लिपीचा उलगडा राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला आणि पंथाबाहेरच्या अभ्यासकांना पोथ्यांचं दार उघडलं. मग लोकांना कळलं की तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं लीळाचरित्र आत आहे. मराठी गद्याचा एवढा जुना आणि एवढा जिवंत नमुना इतकी शतकं कुलपात होता!

हे लपवलं का, यावर विद्वानांत मतं आहेत. कोणी म्हणतं परकी राजवटीची भीती, कोणी म्हणतं वर्णव्यवस्थेवर टीका करणाऱ्या पंथाला स्वकीयांचीच भीती, कोणी म्हणतं शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून. मला दुसरं कारण सर्वांत पटतं. ज्याच्या घरात राहायचं त्याच्यापासूनच जास्त लपवावं लागतं. त्याची किंमतही पंथानं मोजली. पोथी वाचता येईना, तेव्हा लोकांनी त्यात काय असेल ते मनानंच भरलं. 'मानभाव' या शब्दाला मराठीत ढोंगी हा अर्थ चिकटला आणि 'मानभावीपणा' तर आपण आजही सर्रास लिहितो. आत काय चाललंय हे न कळणाऱ्या शेजाऱ्यानं दिलेली ती शिवी आहे.

भाच्याचा प्रश्न धंद्याचा होता. "एकास एक अदलाबदल? मग ती पाचशे वर्षं टिकली कशी? अशी अदलाबदल तर बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच मोडीत काढली होती." अल-किंदीची युक्ती त्यानं मला समजावली. भाषेत काही अक्षरं फार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरातली अक्षरं मोजायची; जे सर्वांत जास्त येतं ते मूळ भाषेतलं सर्वांत चालतं अक्षर धरून बघायचं. वेश बदलला तरी गर्दी तेवढीच राहते.

"टिकली, कारण कोणी मोजायला बसलं नाही," मी म्हटलं. "पोथी हाती लागेल तेव्हा ना मोजणार?" पंथाच्या लोकांनी पोथ्या घेऊन पार पंजाब आणि काबूलपर्यंत मठ केले, तिकडच्या शिष्यांना मराठी शिकवलं. कुलूप साधं होतं, पण घर फिरतं होतं.

दुपारी मोडीकडे वळलो. मोडी गुप्त नाही, घाईची लिपी आहे. पण नवख्याला जुन्या कागदावरची तारीख म्हणजे चकवाच. भाच्याला मी कागदाच्या मागे एक लिहून दिली: 'इसन्ने सबैन अलफ'. त्याला ते कुणा सरदाराचं नाव वाटलं. हे अरबी आकडे आहेत. इसन्ने दोन, सबैन सत्तर, अलफ हजार. एकूण १०७२. हा शुहूर सन; त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७१ आणि वर्षाचा काही भाग पुढच्या सालात. शिवकाळातला कारकून हे रोज लिहायचा आणि त्याला त्यात काही अवघड वाटत नसे.

"आधी दोन, मग सत्तर, मग हजार? उलटं?" भाचा म्हणाला.

"हे उलटं लक्षात ठेव. परवा लागेल."

संध्याकाळी समर्थ वाग्देवता मंदिरात गेलो. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून फिरून जमवलेली बाडं तिथे जपून ठेवली आहेत. एकाच शहरात दोन माणसं, दोन्ही कागदांपायी वेडी. धुळ्याच्या पाण्यात काय आहे कोण जाणे.

रात्री चिठ्ठी बाहेर काढली आणि अल-किंदी लावून पाहिला. सहा अक्षरांत काय मोजणार? न दोनदा, ट एकदा, त एकदा. झोपलो.

तिसरा दिवस: पारोळा, कनाशी, चाळीसगाव

एसटीनं पारोळा. समोरच्या बाकावरच्या म्हातारबांनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. भाचा फाडफाड अहिराणीत सुरू झाला. मी चकित. घरी तो प्रमाण मराठी बोलतो.

मग कळलं, पुण्याच्या वसतिगृहात चाळीसगाव-अमळनेरची चार पोरं होती आणि मेसच्या बिलापासून मुलींपर्यंत सगळं ती अहिराणीत बोलत. बाकीच्यांना ओ की ठो कळत नसे. "आमचं नावाहो होतं ते," भाचा म्हणाला. मग त्यानं नावाहोंची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या मरीन दलानं १९४२ मध्ये नावाहो जमातीची एकोणतीस तरुण पोरं पहिल्यांदा घेतली आणि त्यांच्या भाषेतून संदेश पाठवायची पद्धत त्यांनीच बसवली. नुसती भाषा नव्हे, वरून आणखी एक घडी: रणगाड्याला त्यांच्या भाषेतलं कासव म्हणायचं. जपान्यांना हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. युद्ध संपल्यावर त्या पोरांनी गप्प बसायचं होतं. १९६८ पर्यंत ते सरकारी गुपितच होतं. शाळेत ज्या भाषेवरून मार बसायचा, तीच भाषा सरकारला अशी कामी आली. आमच्याही शाळेत अहिराणी बोललं की गुरुजी पट्टी काढत. एवढंच साम्य, पुढचं ताणत नाही.

पारोळ्याच्या चहाच्या टपरीवर एक जुने दलाल भेटले. आम्ही गुप्त भाषांवर बोलतोय हे ऐकून त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून बोटं धरली. एक बोट, मग पंजा. "सांगा, बैल केवढ्याला?" एक बोट एक, पंजा पाच, शेकडा की हजार, ते बैल बघून दोघांना आधीच ठाऊक. बाजारात शंभर माणसं भोवती उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. मग त्यांनी वडिलांकडून ऐकलेले आकडे म्हणून दाखवले: केवळी, आवारू, उधानू, पोकू, मुळू. एक ते पाच. ही व्यापाऱ्यांची नंदभाषा. गिऱ्हाईकासमोर दोघे दुकानदार बिनधास्त भाव ठरवत.

"मग गिऱ्हाईक शिकत नसे?" मी विचारलं.

"शिके ना! दोन बाजार शेजारी उभा राहिला की शिके. तोंडानं 'पोकू' म्हटलं आणि हातानं चार रुपये मोजले, मग काय राहिलं?"

भाच्यानं मांडीवर थाप मारली. गुप्त मजकूर आणि त्याचा अर्थ दोन्ही एकदम हाती लागणं, याहून मोठी पर्वणी त्याच्या धंद्यात नाही म्हणे. ब्लेचलीतले लोक जर्मनांच्या रोजच्या हवामानाच्या संदेशांवर असेच टपून असत. त्यात हवामान हा शब्द असणारच, मग तो कुठे बसतो ते बघायचं. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे, त्यामुळे जिथे अक्षराखाली तेच अक्षर येतं ती जागा बाद. चहाचे पैसे दलालांनी दिले. आम्हाला देऊ दिले नाहीत.

कनाशीला थोडाच वेळ होता. चक्रधर स्वामींच्या पदस्पर्शाचं स्थान. आत गेल्यावर तिथले बाबा "दंडवत प्रणाम" म्हणाले, आम्हीही म्हणालो. ओट्यावर बसून राहिलो. बाबांना सकळ लिपीबद्दल विचारायचं मनात होतं, पण तोंडातून निघेना. शतकानुशतकं ज्यांनी दार लोटून ठेवलं त्यांच्या ओट्यावर बसून किल्ली मागणं बरं वाटलं नाही. भाच्यानं विचारलं. बाबा हसले आणि म्हणाले, "आता सगळं छापलंय की. वाचणारे कमी झालेत."

चाळीसगावला रात्री कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. यावर मी आणखी दोन पानं लिहू शकतो, पण विषय तो नाही.

चौथा दिवस: पाटणादेवी आणि पितळखोरा

सकाळी जीप करून पाटण्याला. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. पाटणे गावाजवळच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला होता, हजारो वर्षांपूर्वीचा, त्यावर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा. आता त्या रेघांना काय म्हणायचं? भाचा म्हणाला, "नक्षी." मी म्हणालो, "तुला किल्ली सापडली नाही की नक्षी."

चंडिकेच्या देवळात दर्शन घेतलं आणि ओवरीत बसून मी छापून आणलेला शिलालेख काढला. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे कीलहॉर्ननं तो नीट संपादून छापला. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेख संस्कृतात चालतो आणि शेवटी एकदम मराठीत उतरतो: 'इयां पाटणीं जें केणें उघटे...' म्हणजे या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. देवाच्या आणि राजाच्या गोष्टी संस्कृतात, बाजाराची मराठीत. व्यापाऱ्याला समजलं नाही तर कर कोण देणार?

भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड नेमकं कुठलं, यावर वाद आहे. पाटण्याची माणसं तो वाद ऐकूनही घेत नाहीत. मीही ओवरीत बसून तो काढला नाही.

मग परवाचं 'उलटं' बाहेर काढलं. आपला जन्म कधी झाला हे भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत श्लोकात सांगून ठेवलंय: 'रसगुणपूर्णमही'. भाच्याला म्हटलं, फोड.

रस सहा, हे त्याला लगेच जमलं. गुण तीन: सत्त्व, रज, तम. पूर्ण म्हणजे शून्य, इथे तो अडला. मही म्हणजे पृथ्वी, एकच आहे म्हणून एक. सहा, तीन, शून्य, एक. "सहा हजार तीनशे एक?" मग स्वतःच थांबला. "इसन्ने सबैन अलफ! उलटं!" अंकानां वामतो गतिः. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. श्लोकाच्या पुढच्या भागात पुन्हा 'रसगुण' येतं: छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ लिहिला. एक अरबी पद्धत, एक संस्कृत, दोन्ही एकंपासून वर चढतात.

भाचा याला कोड म्हणत होता. मी मान्य केलं नाही. लपवायचं नव्हतंच मुळी. आकडे वृत्तात बसवायचे होते आणि नकलाकाराच्या हातून बिघडायला नको होते. १ चा ७ होतो, 'मही'चा काही होत नाही. कोड माणसाला अडवतो, हे तर पोचवण्यासाठी केलेलं. आम्ही अर्धा तास भांडलो. देवळातल्या बायका बघत होत्या.

लीलावतीतलं एक गणित मात्र थेट त्याच्या कामाचं निघालं. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. हातांत अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? आणि चार हातांच्या विष्णूच्या किती? उत्तर: विष्णूच्या २४, शंकराच्या ३६,२८,८००. हात चाराचे दहा केले तर चोविसाचे छत्तीस लाख. "हाच माझा पगार आहे मामा," भाचा म्हणाला. किल्ल्यांची संख्या अशी फुगते म्हणून तर एकेक किल्ली लावून बघणाऱ्याचा जन्म जातो. अक्षरांची अदलाबदल करायची तर हात दहा नाहीत, तीस-चाळीस आहेत.

पुढे कुट्टक. नावच छान: आकडे कुटून बारीक करायचे. आर्यभटांपासून चालत आलेली रीत, भास्कराचार्यांनी सोपी करून मांडली. भाच्यानं काडीनं धुळीत लिहिलं: ७ ला कितीनं गुणलं म्हणजे ४० नं भागून १ उरेल? मी अंदाजानं चाचपडत होतो. त्यानं ४० ला ७ नं भागलं, उरलेल्यानं ७ ला भागलं, भागाकार एकाखाली एक मांडले आणि उलट वर चढत आला. २३. सात गुणिले तेवीस एकशे एकसष्ट, चाळीस चोक एकशे साठ, उरला एक. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ मध्ये जे आरएसए कुलूप काढलं, त्यात ७ जगाला सांगायची उघडी किल्ली असेल तर २३ ही घरात ठेवायची. आकडे खरे शेकडो अंकी, रीत हीच. ते ४० ज्या दोन मूळसंख्यांवरून येतं त्या गुप्त ठेवायच्या. त्या कळल्याशिवाय बाहेरच्याला कुटायला काही सापडत नाही.

आता भास्कराचार्यांनीच आरएसए शोधलं असं व्हॉट्सॲपवर कोणी पाठवेल. पाठवू नका. त्यांना ग्रहांचं गणित करायचं होतं. तसं म्हटलं तर, तिघांच्या चार वर्षं आधी क्लिफर्ड कॉक्स या इंग्रजानं हेच शोधलं होतं आणि ते सरकारी तिजोरीत पडून राहिलं.

दुपारी औट्रम घाट चढून पितळखोऱ्याला गेलो. जिल्हा बदलतो, डोंगर तोच. पायऱ्या उतरून लेण्यांपाशी पोचलो तेव्हा भाचा धापा टाकत होता आणि मी नव्हतो, हे नोंदवून ठेवतो. खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत. पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवानं खांब दिला. अत्तरं विकणाऱ्यांच्या घरातला माणूस असावा.

ही अक्षरं हजारएक वर्षं कोणालाच वाचता येत नव्हती. इथे कोणी काही लपवलं नव्हतं, आपणच विसरलो. ती वाचली जेम्स प्रिन्सेपनं, १८३७ मध्ये. कलकत्त्याच्या टांकसाळीतला हा धातू तपासणारा अधिकारी. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे आले, आणि त्याच्या लक्षात आलं की जवळपास सगळे त्याच दोन अक्षरांनी संपतात. देवळात लोक काय कोरतात? अमक्याचं दान. मग शेवटची दोन अक्षरं 'दानं' असणार. द आणि न हाती आले, अनुस्वार आला, त्याआधीचा 'स' म्हणजे 'चा' आला, आणि बघता बघता अशोक बोलायला लागला. तीन वर्षांनी प्रिन्सेप वारला, चाळिशीत.

मी मितदेवाच्या खांबापाशी उभा होतो. प्रिन्सेपनं अक्षरं मोजली नाहीत, आधी माणूस ओळखला. देवाला काही दिलं की नाव घातल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' आहे. तिकडे तो दमलेला जर्मन, इकडे हा अत्तरवाला...

आणि एकदम चिठ्ठी आठवली. 'नाना'. एकच अक्षर दोनदा, दोन्हीला काना. आकडे सोड म्हटलं. हा पोरगा मला चिठ्ठी लिहितो तर पहिला शब्द काय लिहील? दोनदा तेच अक्षर, दोन्हीला काना...

मामा!

म्हणजे 'न' हा 'म'. मग 'टहा' म्हणजे? थंडीत, गाडीत, याला दुसरं काय सुचणार? चहा. आणि 'ताजा' हा 'ताजा' नसून 'पाजा'. मामा चहा पाजा.

मी ते लेण्यात मोठ्यानं म्हटलं. पलीकडे फोटो काढणारं जोडपं दचकलं. भाचा खूष झाला आणि थोडा हिरमुसलाही. चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प म्हणून एक कला आहे, गुप्त लिहिण्याची. कामसूत्राच्या टीकेत तिची मूलदेवीय नावाची तऱ्हा दिलीय. त्यात न आणि म, च आणि ट, त आणि प, स आणि ल अशी अक्षरं जोडीजोडीनं जागा बदलतात. ह, ज, द यांना जोडीदार नाही, ते जसेच्या तसे राहतात. घाट उतरल्यावर पहिल्या टपरीवर चहा पाजला. दोन कप.

पाचवा दिवस: बुऱ्हाणपूर

भुसावळहून सकाळची गाडी, रावेरच्या केळींमधून. बुऱ्हाणपूरची जामा मशीद फारुकी राजा आदिलशहानं बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याबरोबर संस्कृतात एक: फारुकींची वंशावळ, विक्रम संवत, शके १५११, तिथी, नक्षत्र. इसवी सन १५९० चा जानेवारी. सुलतानाच्या मशिदीचा मुहूर्त पंचांग उघडून लिहिलेला. त्यानंतर अकरा वर्षांनी अकबरानं असीरगड घेतला आणि हे राज्य संपलं.

भाचा म्हणाला, "आपला रोझेटा दगड." मिसरमधला तो दगड १७९९ मध्ये सापडला, त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत होता, आणि ग्रीक येत असल्यामुळे शाम्पोलियॉनला १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली. मी म्हटलं, इथे उलगडायला काही नाही रे. दोन्ही भाषा वाचणारे अजून आहेत. कोरणाऱ्याला फक्त एवढं हवं होतं, की गावातला कोणी बाहेर उभा राहू नये. बराच वेळ आम्ही दोघं मान वर करून उभे होतो. अरबी मला येत नाही, संस्कृत भाच्याला येत नाही.

बाजारात मावा जिलेबी खाल्ली, पाव किलो दराबा बांधून घेतला. परतीच्या गाडीत मी जिलेबीच्या कागदावर चार अक्षरं लिहून त्याच्या हातात दिली:

तैले पू दे

तो बघत राहिला. "तैले... मामा, अहिराणी आहे का? कोणाले?"

मी खिडकीबाहेर बघितलं. रावेर गेलं, सावदा गेलं. भुसावळच्या यार्डात गाडी हळू झाली, तेव्हा त्यानं एकदम खिशाला हात लावला. "जिलेबीचे पैसे पण मीच दिले होते, मामा!"

"मग आता रिक्षाचे," मी म्हटलं.